नानांचे अकरा मांडलिक आणि बारावं एरंडोल

जळगावात पहिला कॉम्प्युटर मी आणला, असं छातीठोकपणे सांगणारे किमान सतरा लोक मला माहीत आहेत. अठरावा मी. फरक एवढाच, की बाकीचे सतरा खोटं बोलतात आणि मी फक्त वाढवून बोलतो.

नव्वदच्या दशकात माझा कॉम्प्युटर क्लास होता. वर जायला लोखंडी जिना, खाली पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की माझी चारही मशिनं ज्वारीसारखी थरथरायची आणि एम हे अक्षर पडद्यावर एन दिसायचं. दारात चपला काढायच्या, पाय पुसायचे, मग आत. पुष्कळ बाया उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायच्या. मी कधी अडवलं नाही. आत एसी होता. बाहेर वैशाखात डांबर वितळून चपलेला चिकटायचं आणि आत माझे विद्यार्थी स्वेटर घालून बसायचे. अर्धं गाव कॉम्प्युटर शिकायला यायचं, अर्धं वारं घ्यायला. फी दोघांना सारखीच.

धंदा कसा चालायचा ते नवख्यांसाठी सांगतो. तेव्हा कॉम्प्युटर घरात नव्हता, मनात होता. पोराला कॉम्प्युटर आला की नोकरी लागते, असं प्रत्येक बापाला कोणीतरी सांगितलेलं होतं, बहुतेकांना मीच. आम्ही तीन महिने शिकवायचो आणि शेवटी सोनेरी काठाचं सर्टिफिकेट द्यायचो. ते भिंतीवर छान दिसायचं. नोकरीचं मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर. आज वाईट वाटतं. त्या पोरांना मी जे शिकवलं त्यातलं निम्मं त्यांची बॅच संपायच्या आत जुनं झालेलं असायचं.

गिऱ्हाइकं मात्र एकाहून एक. एक केळीचे व्यापारी मशिनसमोर नारळ फोडून उद्याचा भाव विचारायला आले होते. जामनेरच्या एक बाई दारातच थांबल्या. म्हणाल्या, "सर, तुमच्या मशिनला व्हायरस झालाय म्हणे. मग लेकराला आज आणत नाही, आधीच त्याला खोकला शे." मी मशिनला औषध दिल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी लेकराला पाठवलं. पण त्यांच्यावर लिहायचं नाहीये. लिहायचंय ते श्रीपतनानांवर.

नाना पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. म्हणजे कुठल्या शेतकऱ्याला कोणत्या पाळीला पाणी मिळणार हे ज्यांच्या शिट्टीवर ठरायचं, ते. माणूस सहा फूट, आवाज आठ फूट. शहराच्या कडेला, मेहरूणला घर. बायको वारलेली, मुलगा परगावी नोकरीला, शनिवारी येणारा. घरात नाना आणि सून, दोघंच. मी जिन्याखाली "निवृत्तांसाठी खास वर्ग" अशी पाटी लावली होती. ती वाचून अख्ख्या शहरातून एकटे नाना आले.

"फॉर्म तुम्हीच भरा, सर," ते म्हणाले. "इंग्रजीशी आपलं जमत नाही. पाटाचं पाणी काही इंग्रजीत वाहत नाही."

मी भरला. तीन दिवस नानांनी एका बोटाने टायपिंग केलं. त्या बोटाखाली दोन बटणं कायमची आत गेली. चौथ्या दिवशी त्यांना तीन नंबरच्या मशिनवर नकाशा दिसला. पुण्याहून कोणीतरी फ्लॉपीत भरून आणलेला तो खेळ होता, जुन्या काळच्या राजेरजवाड्यांचा. एक मोठं राज्य तुमचं, भोवती बारा बारकी. एक बटण दाबलं की एक वर्ष सरायचं. ती राज्यं लढून घ्या, नाहीतर समजावून मांडलिक करा.

मांडलिक म्हणजे काय हे शाळेत आपण सगळेच शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो. त्याची गादी त्याच्याकडे, झेंडा त्याच्याकडे. वर्षाकाठी त्याने खंडणी पाठवायची, लढाईत तुमच्या बाजूने उभं राहायचं आणि त्याच्यावर कोणी चाल केली तर तुम्ही धावून जायचं. लढाई सोपी असते, सैन्य लोटलं की झालं. पण लढून घेतलेलं राज्य दर दोन वर्षांनी बंड करतं. समजावून आलेलं टिकतं. अडचण एकच: ते येत नाही.

नानांची समजावण्याची रीत खात्यातली होती. पहिल्याच वर्षी एका बारक्या राज्याचा दूत भेट घेऊन दारात आला. खेळाने विचारलं, आत घ्यायचं की परत पाठवायचं? मी वाचून दाखवलं.

"बसू द्या बाहेर. राजा स्वतः का नाही आला?" असं म्हणून नानांनी त्याला परत पाठवलं.

"नाना, हे मशिन विसरत नाही हो. दूताचा अपमान वीस वीस वर्षं लक्षात ठेवतं."

"ठेवू द्या. केवढंसं राज्य आणि केवढा ताठा! अगदी आमच्या एरंडोलच्या व्याह्यासारखा." आणि त्या राज्याचं नाव त्यांनी तिथल्या तिथे एरंडोल ठेवलं. नाहीतरी मूळची परदेशी नावं उच्चारताना त्यांची कवळी हलायची. मग बाकीच्यांचीही बारशी झाली: जामनेर, पारोळा, यावल, चोपडा. आठवडाभरात आमच्या पडद्यावरून युरोप नाहीसा झाला आणि खानदेश उगवला.

पण दर वर्षाच्या शेवटी कुठल्या ना कुठल्या राज्याचा इंग्रजी निरोप यायचा आणि नाना "सर!" अशी हाक मारायचे. ती हाक ऐकून खालची गिरणी बंद पडायची. मी पंधरा पोरांना शिकवू की नानांचं दरबारी वाचन करू? मी हात टेकले. दुसऱ्या दिवशी नाना सुनेला घेऊन आले.

मंगल तिचं नाव. एरंडोलच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बीए झालेली. डोक्यावर पदर, हातात सासऱ्यांच्या चहाचा थर्मास. मी खुर्ची दिली, पण सासऱ्यांसमोर खुर्चीत कशी बसणार? ती खुर्चीमागे उभी राहिली आणि मान वाकवून निरोप वाचू लागली. नाना एका हाताने माउस धरायचे आणि दुसऱ्या हाताने एका लांबोडक्या वहीत काहीतरी टिपून घ्यायचे. कालव्याची मापं टिपायची खात्यातली मापवही होती ती. निवृत्त झाले तरी तिची सवय गेली नव्हती. मला वाटायचं, नकाशे काढतायत.

पहिला आठवडा ती फक्त वाचायची. एकदा नाना जामनेरला धमकी पाठवायला निघाले, तेव्हा तिने हळूच तोंड उघडलं.

"नाना, त्यांच्याकडे दुष्काळ पडलाय असं लिहिलंय."

"मग बरंच आहे. आता येतील वठणीवर."

"धान्य पाठवून बघा की."

"आणि बदल्यात?"

"काही मागायचं नाही. मागितलं तर तो सौदा झाला."

नानांनी कुरकुरत धान्य पाठवलं. दोन वर्षांनी, म्हणजे पाऊण तासाने, जामनेरचा निरोप आला. मंगलने वाचला, "आम्ही आपले मांडलिक होण्यास राजी आहोत." नाना खुर्चीतून असे उठले की डोकं पंख्याला लागायचं राहिलं. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि स्वतःच्या शेजारी ठेवलं.

"बस गं मंगल. परराष्ट्रमंत्री उभा राहत नसतो."

त्या दिवसापासून ती बसली. मेहरूणच्या घरात ती सासऱ्यांसमोर बसली नसेल, माझ्या क्लासात मात्र मांडीला मांडी लावून बसली आणि राज्यामागून राज्य आणत गेली. तिची अक्कल कुठल्या पुस्तकातली नव्हती. चार जावा, सहा नणंदा आणि आळीतली हळदीकुंकवं सांभाळणाऱ्या बाया असतात ना, त्यांच्यात ती वाढली होती. नाना यावलला एक हजार मोहरांची भेट पाठवायला निघाले. ती म्हणाली, "एवढी नको. मोठा आहेर आला की माणूस घाबरतो, परत कसा करायचा म्हणून. थोडं थोडं पाठवा, दरसाल." पारोळ्याच्या सीमेवर नानांनी सैन्य उभं केलं होतं. तिने ते उचलायला लावलं आणि पारोळ्याला त्रास देणाऱ्या शेजाऱ्याच्या सीमेवर नेऊन ठेवलं. "घाबरवायचंच तर त्याच्या वैऱ्याला घाबरवा. तो आपोआप आपला होतो."

दसऱ्याला सुरू झालेल्या खेळात संक्रांत सरून होळीच्या आसपास अकरा राज्यं मांडलिक झाली. एकही लढाई नाही. गोष्ट गावभर झाली. माझा हात धरून लोक विचारायचे, "सर, नानांचं राज्य कुठवर आलं?" खालच्या गिरणीवाल्याने तर एकदा चोपड्याचे हालहवाल विचारले. त्याची सासुरवाडी तिथली, त्याला खरंच काळजी लागली होती.

राहिलं एकटं एरंडोल. काही केल्या येईना.

इथे आमचे रफिकभाई येतात. मशिन बिघडलं की मी मेहरूणच्या रफिकभाईंना बोलवायचो. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग माझी मशिनं. नानांच्या पलीकडच्या गल्लीत राहायचे. एकदा चार नंबरचं मशिन उघडून बसलो असताना ते मला हळूच म्हणाले, "सर, ये एरंडोल का मामला गेम का नहीं है. घर का है."

त्यांनी सांगितलं ते असं. मंगलच्या लग्नात तिच्या वडिलांनी, आप्पांनी, नानांना मानाचा फेटा बांधला. आप्पा वांगी पिकवणारा बारका शेतकरी. फेटा आखूड निघाला, नानांच्या डोक्याला अडीच वेढेच बसले. लोक हसले आणि नानांच्या ते मनात राहिलं. लग्नानंतरची पहिली अखाजी आली. खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं: अक्षय्य तृतीया म्हणजे आमची अखाजी. दिवाळी एकवेळ चुकेल, पण अखाजीला सासुरवाशीण माहेरी जाणारच. निंबाला झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, आमरस खायचा. आणि लेकीला न्यायला माहेरचा माणूस येतो, तो मुराळी. मुराळी आल्याशिवाय सून पाठवायची नाही, ही रीत. त्या वर्षी आप्पा स्वतःच मुराळी होऊन आले. नानांनी त्यांना बाहेरच्या ओट्यावर, भर उन्हात बसवून ठेवलं. आतून पाण्याचा तांब्यासुद्धा आला नाही. दुपार कलल्यावर निरोप आला: घरात कामं आहेत, पोर येणार नाही.

आप्पा उठले आणि एसटीने परत गेले. त्यानंतर एरंडोलहून मुराळी आला नाही. आप्पा पाठवेनात, कारण एकदा दारातून परत आले होते. नाना सून धाडेनात, कारण मुराळी नाही. दोघांचंही रीतीला धरून होतं. मध्ये चार अखाज्या गेल्या आणि मंगलने माहेर पाहिलं नाही.

हे ऐकलं त्याच आठवड्यातली गोष्ट. नानांनी एरंडोलला पुन्हा तहाचा प्रस्ताव पाठवला. उत्तर आलं. मी चार नंबरमागे वाकलो होतो, तिथून मला पडदा स्वच्छ दिसत होता. पडद्यावर इंग्रजीत चार शब्द होते: आपला प्रस्ताव आम्हांस अमान्य.

मंगलने पदर सावरला आणि वाचलं, "एरंडोलचा राजा म्हणतो, तुमचं मोठेपण आम्हांला मान्य आहे. पण पहिल्या वर्षी आमचा माणूस तुमच्या दारी आला होता. तो उन्हात बसून राहिला. त्याला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. तहाचं मागाहून बघू. आधी त्याचं काय, ते सांगा."

मी मशिनमागून डोकं वर काढलं. तिने एकदाच माझ्याकडे बघितलं. मी परत खाली वाकलो आणि हातातच असलेला स्क्रू शोधायला लागलो.

नाना पडद्याकडे झुकले. "असं म्हणतो तो?"

"असं म्हणतो."

"एवढं सगळं? एका ओळीत?"

"इंग्रजी आटवलेली असते नाना, बासुंदीसारखी. मराठीत आणायची तर दूध घालावं लागतं."

नाना "हं" म्हणाले. वहीत काहीतरी लिहिलं आणि उठून गेले. चहाचा थर्मास तसाच राहिला.

मला वाटलं, आता हे काही परत येत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. आणि मग रोज तेच सुरू झालं. नाना प्रस्ताव पाठवायचे, मशिन तीच चार शब्दांची ओळ फेकायचं आणि मंगल तिचं अख्खं पत्र करून वाचायची. त्या दिवसांत मी चार नंबरचं मशिन इतक्या वेळा उघडलं की त्याचे आटे झिजले. मशिनला काहीही झालेलं नव्हतं.

"आज राणीचा निरोप आहे," एकदा तिने वाचलं. "राणी म्हणते, आमची लेक तुमच्या राज्यात दिलीय. दर अखाजीला आम्ही निंबाला झोका बांधतो. तो रिकामाच हलतो, मग सोडून ठेवतो."

"राणी कधीपासून बोलायला लागली?"

"राजा शेतावर गेला होता."

नानांनी चष्मा काढून पुसला. मग घसा खाकरून म्हणाले, "उत्तर दे. म्हणावं, राज्यात माणूस नाही. लेक गेली तर भाकरी कोण टाकेल?"

मंगलने एक बटण दाबलं. कुठलंही. मशिनने तीच ओळ फेकली. "राजा म्हणतो, चार दिवस खाणावळीत जेवा."

खांदे हलवून हसणारे नाना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. पण ऐकून ऐकून शेवटी एक दिवस ते गंभीर झाले. "विचार त्याला, त्याचं म्हणणं तरी काय आहे? एकदाच काय ते सांगून टाक म्हणावं."

तिने बटण दाबलं, ओळ आली. ती पटकन वाचेना. वाचली तेव्हा आवाज बारीक झाला होता.

"राजा म्हणतो, दूत नको, भेट नको. तुम्ही स्वतः या."

नानांनी मान वळवली. "सर, स्वतः जायचं बटण कुठलं?"

"नाना, या खेळात राजाला राजधानी सोडता येत नाही. दूतच पाठवावा लागतो."

"कोणी बनवलाय हा खेळ!" नाना म्हणाले आणि वही मिटली.

आता माझ्या चुकीकडे येतो. गुढीपाडव्याला मी मशिनांची पूजा करायचो. दुकानदार तराजूला कुंकू लावतो, शेतकरी नांगराला, मी कीबोर्डला. त्या पाडव्याला नाना पूजेला हजर. त्यांचं राज्य त्यांच्याच फ्लॉपीवर होतं. मशिनमध्ये ठेवलं तर पोरं पुसून टाकतील म्हणून ते रोज पानाच्या चपट्या डबीत घालून घरी न्यायचे. ती फ्लॉपी त्यांनी माझ्या ताटात ठेवली.

"सर, माझ्या राज्यालाही कुंकू लावा. भरपूर लावा, वर्षाचा सण आहे."

मी भरपूर लावलं. हळद, ओलं कुंकू, वर अक्षता. विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी मी सांगायचो, फ्लॉपीला बोट लावू नका, फुंकर मारू नका, धूळ लागू देऊ नका. आणि स्वतः मात्र तिचा असा शृंगार केला की तिची ओटी भरायचीच बाकी राहिली होती. नंतर ती मशिनमध्ये सरकवली. आतून जात्यात खडा आल्यासारखा आवाज आला आणि पडदा काळा झाला.

रफिकभाईंनी ती उलटसुलट करून बघितली. तांदळाचा एक दाणा चिमट्याने बाहेर काढला. "सर, अब ये फ्लॉपी नहीं रही. देवी हो गयी. मेहरूण के तालाब में सिरा दो."

अकरा मांडलिक गेले. जामनेर, यावल, पारोळा, सगळे. मी नानांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. नानांनी रिकामी डबी खिशात घातली आणि ते जिना उतरून गेले. मंगल क्षणभर थांबली. ती त्या काळ्या पडद्याकडे बघत होती. तिच्या माहेराची वाट तेवढ्यातूनच जात होती आणि ती मी कुंकवाने लिंपून टाकली होती. ती "येते सर" म्हणाली. मला तिच्याकडे बघवलं नाही.

दोघं येईनासे झाले. मी स्वतः बसून त्यांचं राज्य परत उभारायला घेतलं. पंधरा दिवस झगडलो, तीन राज्यं आली, त्यातल्या दोघांनी बंड केलं. मला क्लास चालवता येत होता, माणसं आणता येत नव्हती.

अखाजी आठवड्यावर आली असेल. ऐन दुपारी जिना वाजला. नाना, एकटे. हातात कापडी पिशवी.

"सर, तुमची स्कूटर चालू आहे ना?"

"आहे की. कुठे जायचंय?"

"एरंडोल."

त्या दिवशी इतकं ऊन होतं की रस्त्यात कावळे उडताना एकमेकांच्या सावलीत उडत होते. स्कूटरवर सहा फुटी नाना मागे, मी पुढे. चढ आला की पुढचं चाक वर उचललं जायचं. गावाच्या अलीकडे नानांनी थांबवलं. पिशवीतून गुलाबी फेटा काढला. धुतलेला, कडक खळ घातलेला, लग्नातला तोच. स्कूटरच्या आरशात बघून बांधू लागले. तीनदा सोडला, तीनदा बांधला.

"अडीचच बसतात," ते म्हणाले.

"छान दिसतो नाना."

"आखूडच आहे. पण त्याच्या ऐपतीत होता तेवढा त्याने आणला होता." आणि मग, "चला."

आप्पांचं घर वस्तीच्या कडेला. समोर निंब, त्याच्या फांदीवर दोराचं वेटोळं गुंडाळून ठेवलेलं. मी सावलीत स्कूटर लावली. नाना सरळ ओट्याकडे गेले आणि जिथे ऊन होतं तिथेच बसले. हाक मारली नाही, कडी वाजवली नाही. आतून आप्पा दाराशी आले, बघितलं आणि तिथेच उभे राहिले. किडकिडीत, बुटका माणूस. नानांच्या मानेवरून घाम निथळत होता. फेट्याचा गुलाबी रंग सुटून एक ओघळ कानामागून उतरला. मी उठायला गेलो तर नानांनी नुसता हात वर करून मला बसवलं.

आतून एक बाई आली, मंगलची आई. तिने कपाळाला हात लावला. "अहो व्याही! उनमा काबर बठनात? घरमा या ना!"

नाना हलले नाहीत. आप्पांकडे बघून म्हणाले, "आप्पा, मुराळी पाठवा."

आप्पांचा आवाज कोरडा होता. "कोणाला पाठवू? पहिला गेला तो अजून तुमच्या ओट्यावर उन्हात बसलेला आहे."

"माहीत आहे," नाना म्हणाले. "म्हणून तर त्याच्या शेजारी येऊन बसलो."

आप्पांनी त्या फेट्याचे वेढे बघितले. मग आत गेले. मला वाटलं, संपलं. पण ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तांब्या होता. बायकोने आणलेला नव्हता, स्वतः भरून आणलेला. तो नानांच्या पुढे धरला.

"पानी ल्या, व्याही."

नानांनी तो दोन्ही हातांनी घेतला. अर्धं पाणी प्याले, अर्धं सदऱ्यावर सांडलं. मी निंबाच्या खोडाकडे तोंड करून उभा राहिलो. उगाच. मुंगळे बघत होतो.

अखाजीच्या दोन दिवस आधी आप्पा मुराळी होऊन मेहरूणला आले. रफिकभाई सांगतात की नानांनी त्यांना खाटेवर बसवलं, वर गादी, गादीवर चादर, आणि स्वतः पंख्याने वारा घालत उभे राहिले. घरात विजेचा पंखा चालू असताना. मंगल चार दिवसांसाठी गेली, पंधरा दिवसांनी आली. तेवढे दिवस नाना खाणावळीत जेवून माझ्याकडे येऊन बसायचे, एसीत. मी म्हटलं, "नाना, नवीन राज्य सुरू करू या?"

"नको. मंत्री रजेवर आहे."

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, क्लास ओस पडला आणि मी तो बंद केला. मशिनं भंगारात दिली. चार नंबरचं वजन जरा कमी भरलं, स्क्रू नव्हते. नानाही गेले. त्यांचे दिवस झाल्यावर महिनाभराने मंगल माझ्या घरी आली. केस पिकायला लागलेले, सोबत तिची कॉलेजात जाणारी मुलगी. पिशवीतून तिने ती लांबोडकी मापवही काढली आणि माझ्या हातात दिली.

"सर, हे बघा. कपाटात होती."

मी उघडली. नकाशा एकही नव्हता. प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डाव्या बाजूला इंग्रजीत, सुबक तिरक्या अक्षरात, पडद्यावर आलेली ओळ जशीच्या तशी. एक स्पेलिंग चुकलेलं नाही. तीस वर्षं साहेबाला इंग्रजीत अहवाल पाठवणाऱ्या माणसाचं अक्षर होतं ते. उजव्या बाजूला मराठीत: "सून म्हणते." आणि त्याखाली तिने वाचलेला शब्द न् शब्द. उन्हात बसलेला माणूस. रिकामा झोका. चार दिवस खाणावळीत जेवा. एरंडोलच्या पानांवर डावीकडे दर वेळी तेच चार शब्द, उजवीकडे दर वेळी नवीन पत्र.

पाडव्याच्या पानावर डावी बाजू कोरी होती. उजवीकडे फक्त "फ्लॉपी गेली." तेवढंच. भरपूर कुंकू लावा म्हणणारा तो आवाज मला इतक्या वर्षांनी परत ऐकू आला. फ्लॉपीला धूळ लागू देऊ नका, हे पहिल्या दिवशी मी त्यांनाही सांगितलं होतं.

"शेवटचं पान बघा," मंगल म्हणाली.

उजवीकडे लिहिलं होतं: "व्याही म्हणाले, पाणी घ्या." आणि डावीकडे, इंग्रजीत, अकरा राजांनी पाठवलेलं ते वाक्य: आम्ही आपले मांडलिक होण्यास राजी आहोत. त्याखाली सही होती, नानांची. मापवहीत करायचे तशी, पूर्ण नावाची, खाली हुद्द्यासकट.

मंगलने वही परत घेतली आणि पदराने तिच्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

"किती दूध घातलं हो मी त्यात, सर," ती म्हणाली. "आणि ते मुकाट्याने पीत बसले."